दोन कुडे

रविवार, १ मे १९५५

या वहीचे नियम दोन. रोज लिहायचं नाही, काही घडलं तरच लिहायचं. आणि विशेषण वापरायचं नाही. विशेषणांनी मराठी गद्याचं वाटोळं केलंय असं माझं मत आहे. हे मत मी नासिरला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू काय आता नुसती क्रियापदं विकणार?" त्याला कळत नाही. तो कस्टमात कारकून आहे. माझ्या कादंबरीत नायकही नसणार आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आई राजापूरला गेली त्याला आज नऊ दिवस. कुसुमताईचं दुसरं बाळंतपण. पहिलं इथे झालं, या खेपेला तिच्या सासूचा पाय मोडलाय म्हणून आईच तिकडे गेली. घरात मी नि अप्पा. स्वयंपाक माझ्याकडे.

अप्पांना जेवायला वाढणं म्हणजे आमच्या घरात परीक्षा असायची. आमटीत मीठ कणभर जास्त झालं तर ते जेवण पुरं करत, हात धूत, आणि मग अर्धा तास बोलत. आईने चाळीस वर्षं ते ऐकलं. माझ्या हातचं मात्र नऊ दिवस जेवताहेत, एका शब्दाने नाव ठेवलेलं नाही. आज भात लागला होता, तोही खाल्ला. मी बी. ए. झालो तेव्हासुद्धा त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास दाखवला नव्हता. हात बसला म्हणायचा.

मंगळवार, ३ मे

हौसा साल घेऊन आली.

आमच्या ओटीवरची खोली म्हणजे अप्पांचा दवाखाना. श्रीपतीवैद्यांचा कुड्याचा काढा म्हटलं की खाडीपलीकडून माणसं येतात. कसलाही आमांश असू दे, सात दिवसांत उतार. त्याला लागते पांढऱ्या कुड्याची साल. ती वर्षानुवर्षं सखू आणायची. आता सखूचे गुडघे गेलेत, म्हणून चैत्रापासून तिची सून हौसा येते. ती मंडणगडाकडची, लग्न होऊन वर्ष झालंय.

साल घेण्याची अप्पांची एक रीत आहे. नखाएवढा तुकडा तोडतात, दाढेखाली धरतात, डोळे मिटतात. मग अंगणात जाऊन थुंकतात आणि म्हणतात, "खरं." हा शब्द आला की भारा आत. लहानपणी मला वाटायचं, हा मंत्रच आहे. सखू त्या शब्दासाठी उंबऱ्याशी ताटकळत बसलेली मला आठवते.

आज अप्पांनी तुकडा चावला, थुंकले, नि नुसती मान हलवली.

"पांढऱ्याचीच ना गो?" त्यांनी विचारलं.

"पांढऱ्याचीच, वैद्यबाबा. पांढरा सोडून दुसऱ्याला हात लावत न्हाय मी."

फाल्गुनात शिमग्याच्या वेळी अप्पांना ताप आला होता, पंधरा दिवस सर्दीने डोकं धरलं होतं. तेव्हापासून ते कमी बोलतात. मला आवडतं. शब्द काटकसरीने वापरावेत हे त्यांना पटलेलं दिसतं.

शेजारी नासिरची आई, जन्नतचाची, आजारी आहेत. आमांश. आज अकरावा दिवस. काढा चालू आहे.

गुरुवार, ५ मे

आमच्या नि नासिरच्या घरांमध्ये एक गडगा आहे, जांभ्याचा बांध, कमरेएवढा. त्याच्यावरून मी लहानपणी चाचींच्या चुलीपर्यंत जाई. आज काढ्याचं भांडं घेऊन गेलो तर चाची खाटेवर उठून बसू शकल्या नाहीत. मनगट धरलं तर बांगडी कोपरापर्यंत सरकली. हे मी विशेषणाशिवाय लिहितोय, पण लिहिताना बरं वाटत नाहीये.

रमजान चालू आहे. पहिले चार रोजे त्यांनी या आजारातही धरले. कुणाला कळू दिलं नाही. अप्पांना कळलं तेव्हा ते गडग्याशी उभे राहून ओरडले, "चाची, आजाऱ्याला सूट आहे, हे मी तुम्हांला सांगायचं काय?"

"मना ठाऊक हाय वैद्यबुवा. नंतर भरून देईन म्हणून सोडलेत आता. पण तुमचा काढा या खेपेला का नाय लागत?"

अप्पा म्हणाले, "लागेल." आणि आत आले.

नासिर मला बाहेर घेऊन गेला. त्याचे वडील सुलेमानचाचा बोटीवर असतात, पावसाळ्यानंतर येणार. घरात कर्ता हाच.

"बारा दिवस झाले," तो म्हणाला. "मी तिला सरकारी दवाखान्यात नेतो म्हणतो तर ऐकत नाही. म्हणते, श्रीपतीवैद्याने माझ्या सासूला उठवलं, मला नाही उठवणार? तू तरी सांग तिला. का बापाच्या धंद्याच्या आड येतं?"

मी काढ्याचं रिकामं भांडं घेऊन परत आलो. नंतर राग आला. कुणाचा ते कळलं नाही.

संध्याकाळी अप्पा चुलीशी नवा काढा आटवत होते. तो करपला. करपट वास मागच्या पडवीत माझ्यापर्यंत आला, मी धावलो, तर अप्पा भांड्याला लागून बसलेले आणि पोथीत डोकं. माणसाने वाचनात इतकं बुडावं याचा मला हेवा वाटला.

शुक्रवार, ६ मे

रोजा सोडल्यावर नासिर आला, आमच्याकडेच जेवायला बसला. घरात चूल पेटवायला कुणी नाही त्याच्या. पहिल्या घासाला थांबला. अप्पांकडे बघितलं. अप्पा जेवत होते.

बाहेर आल्यावर म्हणाला, "हरिश्चंद्रा, आमटी केलीस का समुद्र आटवलास?"

ज्याच्या आईने आयुष्यभर वाटण घालून स्वयंपाक केला त्याला ब्राह्मणी आमटी काय कळणार. अप्पांनी दोनदा घेतली.

रविवार, ८ मे

आजचं लांबणार. डोंगरावर गेलो होतो.

सकाळी अप्पा म्हणाले, सुकी साल जुनी झाली असेल, ओली आणून बघू. हौसा निघालीच होती, तिच्याबरोबर मला धाडलं. मला चालणारच होतं, बारा पानं लिहून कादंबरी अडली आहे. कातळाचा सडा ओलांडून पलीकडच्या उतरणीला लागलो. काजू संपले की रान सुरू होतं.

हौसा चालता चालता बोलते. सासू कशी, सासूचे गुडघे कसे, इथल्या बायका तिच्या बोलण्याला कशा हसतात. "मी पातेल्याला टोप म्हंते तर ह्या हसतात. आमच्या गावाला जे नाव ते इथं न्हाय, नि इथलं आमच्याकडं न्हाय." मी म्हटलं, लेखकाचंही तसंच असतं. ती म्हणाली, "तुम्ही काय करता म्हंजे?" मी विषय बदलला.

एका झाडाशी ती थांबली. "ह्यो पांढरा." कोयता काढून साल सोलू लागली.

दहा पावलांवर दुसरं झाड होतं, तेही फुलावर आलेलं. मला दोघांत फरक दिसेना.

"मग हा कुठला?"

"ह्यो कडवा. ह्याच्या फुलांची भाजी करतात." तिने ओटीत थोडी फुलं खुडून घेतली. "पांढऱ्याचा भाऊच म्हणा ना."

मी दोन्हींच्या डहाळ्या घेतल्या. घरी येऊन ओटीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत बघत बसलो. अप्पांनी एकदा विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "बघतोय." ते म्हणाले, "बघ. बघायला काही हरकत नाही."

दोघांचीही पानं समोरासमोर येतात. दोघांनाही चीक आहे, दुधासारखा, बोटाला चिकटतो. दोघांच्या फुलांना पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या पिळलेल्या. अर्धा तास बघितल्यावर दिसलं की एकाच्या भिंगरीचा पीळ एका बाजूला आहे नि दुसऱ्याच्या उलट बाजूला. फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी एकीला उलटं फिरायला लावावं तसं. हौसाच्या कडव्याच्या फुलाला खाली नळी, आत डोकावलं तर काही नाही, केसर खोल दडवलेले. पांढऱ्याच्या फुलाचं तोंड उघडं, मधोमध दोऱ्यांची झालर, आणि झालरीतून केसरांचं टोक बाहेर आलेलं. एक मनातलं मनात ठेवणारा, एक बोलून टाकणारा. (उपमेवर बंदी घातलेली नाही.)

शेंगाही दोघांच्या जोडीने येतात. पांढऱ्याला नुकत्या धरल्यात, त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली, चिमट्यासारखी. कडव्यावर गेल्या सालच्या सुक्या लोंबत होत्या, त्याही जोडीने, पण दोघी सुट्या.

दोन भाऊ आणि नायक कुणीच नाही. माझी कादंबरी बहुतेक हीच आहे.

दोघांचं एकेक पान या वहीत ठेवलंय, शेवटच्या पानांत.

मंगळवार, १० मे

ओल्या सालीचा काढा दोन दिवस झाला. चाचींना उतार नाही. आज रक्त जास्त पडलं. नासिरने रजा काढली.

वही उघडली तर गंमत. कडव्याचं पान सुकून तपकिरी झालंय. पांढऱ्याचं पान मात्र काळं पडलंय, आणि कागदावर निळसर डाग उमटलाय. पांढऱ्याचं पान काळं. मी हे वाक्य तीनदा लिहून बघितलं. प्रकरणाला नाव म्हणून चालेल.

अप्पांना विचारलं, कुड्याच्या दोन जाती असतात का. ते म्हणाले, "जाती नव्हेत. नर नि मादी. पोथ्यांत सांगितलंय."

"म्हणजे नवरा-बायको?"

"तसं म्हण."

"मग हौसा म्हणते भाऊ आहेत."

"हौसाने पोथी वाचलेली नाही," अप्पा म्हणाले. मग म्हणाले, "दोन झाडं होती का तिथे?"

"हो."

"तिने सोलली ती कुठली?"

"पांढरा. तुम्ही सांगितलात तो."

ते काही तरी आणखी विचारणार होते. मग सालीचा डबा उघडून त्यातला तुकडा नाकाशी नेला, तसाच परत ठेवला, झाकण लावलं.

बुधवार, ११ मे

सुट्टी असूनही गोपाळकृष्ण सर कॉलेजात भेटले. ते वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण त्यांना बोलायला कुणीही चालतं. मला नर-मादीचं प्रकरण कादंबरीत घालायचं होतं, म्हणून वही घेऊन गेलो. फुलं कोमेजली होती, तरी त्यांनी भिंगाखाली धरली.

"नवरा-बायको कसले," ते म्हणाले. "दोघांच्याही फुलात नर-मादी दोन्ही आहेत, लग्नाची गरज कुणालाच नाही. भाऊही नव्हेत. कूळ एक. कण्हेर, चाफा, सदाफुली, सगळी त्याच कुळातली, चीकवाली. पण घरं वेगळी. एकाच आडनावाची दोन घरं असतात ना, एक गुहागरात, एक राजापुरात? भाऊबंदकी आहे म्हणतात, पण इतकी लांबची की एकाकडे कुणी गेलं तर दुसऱ्याला सुतकही लागायचं नाही."

मग शेंगा. बियांना दोघांच्याही म्हातारी असते, वाऱ्यावर उडते ती. एकाच्या बीला केस एका टोकाला, दुसऱ्याच्या उलट टोकाला. "शेंगेत बसल्या जागी एकीचे केस डोक्याला, एकीचे पायाला. देवाने गंमत केलीय."

मी वहीतली पानं दाखवली. म्हटलं, "आणि बघा सर, पांढऱ्याचं पान काळं पडलंय."

सर हसले. "पांढऱ्याचं नव्हे. हाच काळा कुडा. पान सुकलं की काळं पडतं म्हणूनच काळा. याच्या पानांत निळीचा रंग असतो. पांढरा कुडा तो दुसरा."

"नाही सर. पांढरा हा. हा कडवा."

"अरे, कडवा तोच पांढरा. औषधाला लागतो तो. साल जिभेवर ठेव, कडूजहर. या काळ्याची साल मुळी कडूच नाही, म्हणून त्याच्या बीला गोडा इंद्रजव म्हणतात. दिसायला इतके सारखे की बाजारात भेसळ होते. पण गोड्याचा आमांशाला काही उपयोग नाही बघ. शंका असेल तर चावून बघायचं, एवढं सोपं आहे."

मी सरांना नमस्कारही केला नाही बहुधा. घरी आलो ते थेट डब्याकडे. तुकडा चावला. लाकूड चावल्यासारखं. अजून एक चावला. भाऱ्यातला ओला चावला. कडूपणा नव्हता.

अप्पा झोपाळ्यावर होते.

"अप्पा, ही साल कडू नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी तुकडा दिला. त्यांनी तो दाढेखाली धरला, डोळे मिटले. पुष्कळ वेळ. थुंकायला उठले नाहीत.

"कडू आहे," म्हणाले.

"नाही अप्पा."

"तुला काय कळतं?"

"मला एवढं कळतं. मी तीन तुकडे चावले. सरांनी पान बघितलं. हा काळा कुडा आहे. आपण चाचींना अठरा दिवस..."

झोपाळा थांबला. अप्पांनी तुकडा तळहातावर काढून ठेवला, त्याच्याकडे बघत विचारलं, "तुझ्या आमटीत मीठ किती असतं रे?"

मला प्रश्न कळला नाही.

"कमी असतं का जास्त? नासिर तोंड वाकडं करतो म्हणून विचारलं. मला काही लागत नाही. शिमग्याच्या तापापासून. ना चव, ना वास. वाटलं, येईल परत. रोज सकाळी मिठाचा खडा ठेवून बघतो."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. वीस दिवसांची माझी आमटी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. ते जेवत होते कारण काहीही दिलं तरी सारखंच होतं. आणि 'खरं' हा शब्द त्यांनी फाल्गुनापासून एकदाही उच्चारलेला नाही. मी त्याला शब्दांची काटकसर म्हणत होतो.

"सांगितलं का नाहीत?"

"वैद्याची जीभ गेली हे कुणाला सांगतात? लोक येतील का परत?" मग म्हणाले, "ते राहू दे. चाचीचं काय करायचं ते बघ आधी."

गुरुवार, १२ मे

उजाडायला हौसाच्या दारात. मी वाटेत खूप वाक्यं जमवली होती, तिला काय काय बोलायचं याची. सालीचा तुकडा पुढे करून म्हटलं, "हा पांढरा कुडा आहे?"

"पांढराच. आणि काय?" तिने घरातून एक फणी आणली. हस्तिदंताची असावी असं वाटलं. "ही बघा. माझ्या बापाने केलेली. ह्याच लाकडाची. आत बघा किती पांढरं. म्हणून पांढरा. दुसरा तो कडवा, त्याला पांढरा कसं म्हणायचं?"

ओटीवरून सखू म्हणाली, "अगो, फुलावरनं पांढरा तो. लाकडावरनं न्हाय."

"मला कोण बोललं तसं? वैद्यबाबा बोलले पांढरा, मी पांढरा आणला. ते चावून बघायचे न्हाय का? बघितलं की त्यांनी, माझ्यासमोर."

माझी जमवलेली वाक्यं तिथेच राहिली. हौसा रडायला लागली तेव्हा मीच म्हटलं, "तुझी चूक नाही. मंडणगडातला पांढरा इथे काळा आहे, एवढंच." सखूने कोयता तिच्या हातात दिला. आम्ही तसेच निघालो, सड्यावरून जवळजवळ धावत. कडव्याची साल सोलली. मी झाडाखालीच चावली आणि तोंड असं झालं की हौसा रडतारडता हसली.

परत आलो तर अप्पा दवाखाना बंद करून अंगणात उभे, उपरणं घेऊन. आणखी तिघांना ती साल दिली होती, त्या तिन्ही घरी सकाळीच जाऊन आले होते. पुड्या परत घेऊन. सत्तरीला आलेला माणूस, उन्हातून.

"आता चाची," म्हणाले. गडग्यावरून नाही, फिरून पुढच्या दाराने गेले.

खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, "साल चुकीची आली होती. इतके दिवस तुम्हांला पाणी पाजलं मी. चूक माझी आहे. आजपासून खरी देतो. सोमवारपर्यंत उतार पडला नाही तर मी स्वतः तुम्हांला सरकारी दवाखान्यात नेईन, आणि तेव्हा नाही म्हणायचं नाही."

नासिर उभा राहिला. त्याचा असा चेहरा मी या आधी बघितलेला नाही. "चाखली नव्हती का?" त्याने मला विचारलं, अप्पांना नाही.

"चाखली होती," मी म्हटलं. हे खरं होतं. हरिश्चंद्र नाव असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त जमत नाही.

चाचींनी मान वळवून अप्पांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. चूक झाली ती सांगायला घरी आलात. बसा वैद्यबुवा. नासिर, पाणी दे त्यांना."

शुक्रवार, १३ मे

रीत बदलली. साल आता मी चावतो. अप्पा समोर बसतात, माझ्या तोंडाकडे बघतात.

आज पहिल्यांदा अप्पांसमोर चावली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. अंगणात थुंकलो. परत आलो तर अप्पा वाट बघत होते, सखू बसायची तसे.

"खरं," मी म्हटलं.

त्यांनी भारा आत घेतला.

रविवार, १५ मे

रक्त थांबलं. नासिरने गडग्यावरून दोन बोटं दाखवली, म्हणजे दिवसात दोनच जुलाब. काल सात होती.

अजून सोमवार यायचा आहे.

सोमवार, १६ मे

दवाखान्यात जायचं नाही.

चाचींनी पेज मागितली. नासिरला पेज करता येत नाही, मी केली. त्यांनी एक घोट घेतला नि वाटी खाली ठेवली.

"कुणी केलीन?"

"मी."

"बाबा, मी आमांशाने मेले नाय, तू मिठाने मारशील."

नासिर इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. चार दिवसांनी आम्ही नीट बोललो. त्याने मला माफ केलं का ते विचारलं नाही. त्याने माझ्या कादंबरीचं काय झालं ते विचारलं.

शनिवार, २१ मे

कुसुमताईला मुलगी. आईचं पत्र. खाली आईने लिहिलंय, "यांना विचार, जेवणाचं काय करतात. मीठ बेताने घाल, ओरडतील." मी अप्पांना वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, "तिला लिही, अजिबात ओरडत नाही." मग म्हणाले, "नको, ती आली की मीच सांगेन."

आजकाल मी मीठ मोजून घालतो. चाखून. आश्चर्य म्हणजे आमटी बरी होते.

गोपाळकृष्ण सरांना दोन्ही झाडांच्या शेंगा हव्या आहेत. हौसाला विचारलं. ती म्हणाली, "आधी सांगा कुठल्या गावच्या भाषेत पांढरा."

मंगळवार, २४ मे

ईद.

सकाळी नासिर नमाज पढून आला, गळाभेट झाली, आणि त्याने सांगितलं की अम्मीने शिरखुर्मा स्वतः केलाय. तो उठू नको म्हणत होता, तिने ऐकलंच नाही.

अप्पा नि मी गेलो, पुढच्या दाराने. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. चाची चुलीशी बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पण बसल्या होत्या. बांगडी मनगटाशी होती. रोजे किती राहिले ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, पावसाळ्यात भरून देणार.

वाट्या आल्या. मी चमचा तोंडात घातला. चाचींनी अप्पांना विचारलं, "गोडी बरोबर पडलीय ना वैद्यबुवा? मना अजून अंदाज येत नाय."

अप्पांचा चमचा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला काय झालं कुणास ठाऊक, सवयीने तोंडातून आलं, "खरं."

"खरं काय?" नासिर म्हणाला. "अरे शिरखुर्मा आहे, कुड्याची साल नव्हे."

अप्पा हसले. शिमग्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आवाज विसरलो होतो. ते म्हणाले, "चाची, गोडी अगदी बरोबर," आणि खायला लागले.

चाचींनी मग एक गंमत केली. सगळ्यांच्या वाट्या होत्या तशा ठेवल्या, आणि ताटलीतले बदामाचे काप, चारोळी, खारकेचे तुकडे मूठभर उचलून अप्पांच्या वाटीत घातले. अप्पा नको नको म्हणत होते.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुमच्या दाताखाली काही तरी येऊ दे."

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नि मान खाली घातली. मग एकेक तुकडा चावून, सावकाश, वाटी संपवली. दुसरी मागितली.

माझ्या वाटीत बदामाचे तीन काप होते. मोजले. वैद्याचा मान म्हणतात तो हाच असावा. ज्याची साल आता मी चावतो त्याला खारका, आणि मला तीन काप. नासिरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अम्मीला विचार." विचारलं.

चाची म्हणाल्या, "तुला चव हाय ना, मग झालं की."